जुना गेमिंग पीसी वेगवान आणि शांत करताना: पुण्याच्या धुळीत, पुण्याच्या उन्हाळ्यात

एप्रिल लागला की गेमिंग पीसीच्या दोन तक्रारी जोडीनेच येतात. गेम मध्येच अडखळतो आणि फॅनची घरघर हेडफोन लावूनही ऐकू येते. त्यावर मित्रमंडळींत सुचवला जाणारा उपाय ठरलेला: नवं ग्राफिक्स कार्ड घे. खरं तर तो सगळ्यात शेवटचा उपाय असायला हवा. हल्लीचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड तापले की आपला वेग आपणच कमी करतात आणि त्याच वेळी फॅनला जोरात पळवतात. त्यामुळे उष्णता आटोक्यात आली की वेग आणि शांतता दोन्ही एकदम हाती लागतात. क्रम असा ठेवा: आधी फुकटची कामं, मग काही शे रुपयांची, मग दोन-तीन हजारांची, आणि एवढं करूनही भागलं नाही तर मोठी खरेदी.

उदाहरणासाठी एक पीसी धरू. २०१९-२० च्या सुमारास असेंबल केलेला: रायझेन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १६६० सुपर कार्ड, प्रोसेसरच्या खोक्यातून आलेला बुटका कूलर, पुढून काच असलेलं कॅबिनेट आणि एक हार्ड डिस्क. लॉकडाउनच्या आसपास असे पीसी बरेच बांधले गेले. तुमचा इंटेलचा असला तरी खालची बहुतेक कामं जशीच्या तशी लागू पडतात.

आधी मोजा

एचडब्ल्यूइन्फो आणि एमएसआय आफ्टरबर्नर ही दोन मोफत सॉफ्टवेअर टाकून घ्या. नेहमीचा, जरा जड गेम अर्धा तास खेळा आणि प्रोसेसरचं तापमान, कार्डचं तापमान, दोघांच्या फॅनचे आरपीएम (मिनिटाला फेऱ्या), कार्डचा वापर किती टक्के आणि रॅम किती भरली हे लिहून ठेवा. सरासरी एफपीएसबरोबर (सेकंदाला किती फ्रेम्स) सर्वांत हळू १ टक्का फ्रेम्सचा आकडाही नोंदवा, कारण अडखळणं त्याच आकड्यात दिसतं.

सोबत खोलीचं तापमान लिहायला विसरू नका. जानेवारीत खोली २४ अंशांवर असताना प्रोसेसर ७० वर असेल, तर मे महिन्यात खोली ३६ वर गेल्यावर तोच प्रोसेसर ८२ च्या आसपास दिसणार. यात पीसीचं काही बिघडलेलं नसतं. म्हणून तुलना करताना नुसतं तापमान न बघता खोलीपेक्षा किती अंश जास्त आहे ते बघा. नाहीतर डिसेंबरात केलेल्या कामाचं श्रेय थंडीच लाटते.

आता अडतंय कुठे ते शोधू. खेळताना कार्डचा वापर ९७-९९ टक्के असेल तर कार्ड पूर्ण राबतंय आणि तेच मर्यादा आहे. वापर ६०-७० टक्क्यांवर रेंगाळतोय आणि एफपीएसही कमी असतील, तर बहुधा प्रोसेसर किंवा रॅम कमी पडतेय. खात्री करायची तर गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. तरीही एफपीएस हलले नाहीत तर नवं कार्ड घेऊन काही उपयोग नाही.

एक क्षुल्लक गोष्ट याच वेळी बघून घ्या. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटर १४४ हर्ट्झवर आहे ना? १४४ चा मॉनिटर घेऊन वर्षभर ६० वर चालवणारे लोक कमी नाहीत.

आवाजाचंही तसंच. कोण ओरडतंय हे कळल्याशिवाय नवीन फॅन आणू नका. बायोसमधून (मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावरून) किंवा ‘फॅन कंट्रोल’ या मोफत सॉफ्टवेअरमधून एकेक फॅन मंद करत जा आणि ऐका. एकसुरी घरघर फॅनची, बारीक कुरकुर हार्ड डिस्कची, आणि एफपीएस वाढले की चढत जाणारी किर्रर्र शिट्टी ही कार्डच्या किंवा एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) कॉइलची, म्हणजे तारेच्या वेटोळ्याची, असते. शेवटच्या आवाजावर कुठलाही फॅन उपाय नाही. तो कसा कमी होतो ते पुढे येतंच आहे.

कप्प्यातून बाहेर काढा

सुताराकडून करून घेतलेल्या कॉम्प्युटर टेबलाला सीपीयूसाठी एक बंद कप्पा असतो. मागे फळी, बाजूला फळी, पुढे कधी कधी दारसुद्धा. कॅबिनेटने मागून टाकलेली गरम हवा त्या कप्प्यातच फिरते आणि पुढून पुन्हा आत ओढली जाते. अशा कप्प्यात महागातला महाग कूलरही हरतो. कॅबिनेट बाहेर काढा, मागे किमान वीतभर जागा सोडा. ते जमणारच नसेल तर कप्प्याची मागची फळी कापून टाका. आईबाबांची परवानगी मिळवणं हा भाग ज्याने त्याने पाहावा.

थेट जमिनीवरही ठेवू नका, केरसुणीने उडवलेली सगळी धूळ तिथेच जाते. फूटभर उंचीचं स्टूल पुरतं. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला टेकवू नका, आणि मे महिन्यात खोलीत पाण्याचा कूलर लावत असाल तर त्याचा झोत पीसीवर येऊ देऊ नका. दमट हवेने लगेच काही होत नाही, पण उडालेले थेंब मदरबोर्डवर पडले तर होतं.

सफाई

पुण्यात सध्या कुठल्याही भागात राहा, शेजारी एखादी जुनी सोसायटी पाडून नवी उभी राहत असते. ती सिमेंटची बारीक धूळ हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमदा जमावा तशी बसते. होळीनंतर एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा, अशी वर्षातून दोन वेळा पीसीची सफाई पुरते. रस्त्यालगत घर असेल तर तीनदा.

पीसी बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या आणि पीसी गच्चीत किंवा गॅलरीत न्या. हातात धरायचा इलेक्ट्रिक ब्लोअर तपकीर गल्लीत मिळतो (तिथे दुचाकी लावायला जागा मिळणं हे या लेखातलं सगळ्यात अवघड काम). हवा मारताना प्रत्येक फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडलेला फॅन झोतात भलत्या वेगाने फिरतो आणि त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. एसएमपीएसमध्ये बाहेरूनच हवा मारा. तो उघडायचा नाही: वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरांत झटका देण्याइतकी वीज शिल्लक असू शकते.

पेस्ट आणि कूलर

तीन-चार वर्षांपूर्वी लावलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवणारी) बहुधा सुकलेली असते. कूलर काढण्याआधी एखादा गेम दहा मिनिटं चालवून प्रोसेसर गरम करा, मग पीसी बंद करून कूलर हलका डावी-उजवीकडे फिरवत उचला. आपल्या उदाहरणातल्यासारख्या एएम४ सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो त्या खाचेच्या) रायझेनमध्ये हे फार महत्त्वाचं आहे. सुकलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर कूलरला चिकटतो आणि सरळ ओढलं तर लॉक असलेल्या सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कॉफी फिल्टर किंवा सुती कापडाने पुसा. हे अल्कोहोल बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्स पार्टच्या दुकानांत मिळतं. नवीन पेस्ट वाटाण्याएवढी, मधोमध. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा. पेस्ट आर्क्टिक एमएक्स-४ किंवा नॉक्टुआ एनटी-एच१ यांपैकी कुठलीही चालेल. त्यातल्या एक-दोन अंशांच्या फरकावर रात्र जागवण्यात अर्थ नाही.

खोक्यातून आलेला कूलर मात्र बदलाच. या सगळ्या यादीतली आवाजाच्या दृष्टीने सर्वांत फायद्याची खरेदी तीच आहे. डीपकूल एके४०० सारखा साधा टॉवर कूलर ६५ वॉटच्या प्रोसेसरला हसतखेळत सांभाळतो. घेण्याआधी कॅबिनेट किती उंचीचा कूलर घेतं ते बघा. हा कूलर १५५ मिलिमीटर उंच आहे, आणि अरुंद कॅबिनेटचं झाकण लागत नाही.

पुण्याचा उन्हाळा कडक म्हणून लिक्विड कूलर घ्यावा, हा सल्ला मला पटत नाही. त्यातलं पाणीही शेवटी खोलीच्या हवेनेच थंड होतं, खोलीपेक्षा खाली जाऊ शकत नाही. शिवाय पंपाची बारीक गुणगुण चोवीस तास. आपल्या उदाहरणातल्या पीसीला त्याची काहीच गरज नाही.

हवेचा रस्ता

पुढून काच असलेलं कॅबिनेट दिसायला छान, पण हवा येणार कुठून? काचेचं पॅनेल काढून अर्धा तास खेळून बघा. कार्डचं तापमान पाच-सात अंशांनी उतरलं तर जाळीच्या तोंडाचं कॅबिनेट घ्या, किंवा काचेच्या जागी बारीक जाळी बसवा.

फॅनचं गणित समजून घेतलं की खरेदी सोपी होते. फॅनचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. त्याच वेगाचा दुसरा तसाच फॅन शेजारी लावला तर आवाज फक्त ३ डेसिबलने चढतो. म्हणून १४०० आरपीएमने किंचाळणाऱ्या एका फॅनऐवजी ७०० आरपीएमचे दोन फॅन जवळपास तेवढीच हवा देतात आणि तरीही १२ डेसिबल शांत राहतात. बसत असतील तर १२० ऐवजी १४० मिलिमीटरचे घ्या.

पुढे दोन आत ओढणारे, मागे एक बाहेर टाकणारा, एवढं पुरे. आत येणारी हवा जास्त असली की ती फटींतून बाहेर पडत राहते आणि धूळ फिल्टरच्या वाटेनेच येते. फॅनची दिशा ओळखायला मोटरला धरणारे आडवे दांडे बघा, ज्या बाजूला दांडे असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. चार पिनचे पीडब्ल्यूएम फॅन घ्या, त्यांचा वेग मदरबोर्ड नीट कमीजास्त करू शकतो. मदरबोर्डच्या एका हेडरला (फॅन जोडायच्या पिनांना) साधारण १ अँपिअर झेपतो, त्यामुळे वाय केबलने दोन-तीन फॅन बिनधास्त जोडता येतात. दिवे लागणाऱ्या फॅनला माझा विरोध नाही, पण पैसे मोजके असतील तर ते दिव्यांत घालू नका.

सेटिंग्ज: इथे खरी जादू आहे, आणि फुकट आहे

पहिली रॅम. ३२०० मेगाहर्ट्झची म्हणून घेतलेली डीडीआर४ रॅम बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारं प्रोफाइल) चालू केल्याशिवाय २१३३ किंवा २४०० वरच चालते. टास्क मॅनेजरमध्ये वेग दिसतो, आत्ताच बघा. रायझेनच्या आतल्या जोडणीचा वेग रॅमच्या वेगाशी बांधलेला असल्यामुळे तिथे फरक जास्त पडतो. दोन स्टिक असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. शेजारी शेजारी लावल्या तर बहुतेक बोर्डांवर ड्युअल चॅनल (दोन्ही स्टिकशी एकाच वेळी देवाणघेवाण) मिळत नाही. डीडीआर५ वाल्यांनी एएमडीच्या बोर्डावर एक्स्पो नावाचं प्रोफाइल शोधावं.

दुसरा फॅन कर्व्ह, म्हणजे कुठल्या तापमानाला फॅन किती जोरात फिरेल ते. रायझेनचं तापमान ब्राउझर उघडला तरी क्षणात दहा अंश उडी मारतं, आणि फॅन त्याच्यामागे वर-खाली धावतो. सतत चालणाऱ्या आवाजापेक्षा हा चढ-उतार जास्त छळतो. बायोसमध्ये फॅनचा प्रतिसाद चार-पाच सेकंद उशिराने येईल असं ठेवा. मग ५५ अंशांपर्यंत सपाट ३५ टक्के, ७० ला ५५ टक्के, ८० ला ८० टक्के, ९० ला पूर्ण, इथून सुरुवात करा. कॅबिनेटचे फॅन प्रोसेसरच्या तापमानाला न बांधता ‘फॅन कंट्रोल’मधून ग्राफिक्स कार्डच्या तापमानाला बांधा, कारण खेळताना जास्त उष्णता कार्डच ओकतं. हा कर्व्ह थंडीत ठरवला असेल तर मे महिन्यात पुन्हा तपासावा लागेल.

तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे कार्डचं अंडरव्होल्टिंग, म्हणजे त्याच वेगाला कमी व्होल्टेज देणं. चिपचा वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. १०५० मिलिव्होल्टवरून ९०० वर आलं आणि वेग तोच राहिला, तर त्या भागाचा वीजवापर सुमारे २७ टक्के कमी होतो. कंपन्या प्रत्येक चिप चालावी म्हणून व्होल्टेज सढळ हाताने ठेवतात. तुमच्या चिपला तेवढं लागतंच असं नाही.

आफ्टरबर्नर उघडून कंट्रोल आणि एफ एकत्र दाबा, व्होल्टेज आणि वेगाचा आलेख येईल. आधी कोअर क्लॉक २०० ने कमी करून पूर्ण रेषा खाली आणा. मग ९०० मिलिव्होल्टवरचा ठिपका उचलून १८५० मेगाहर्ट्झवर ठेवा आणि अप्लाय करा. त्याच्या उजवीकडची रेषा आडवी व्हायला हवी. तासभर जड गेम खेळा. गेम बंद पडला किंवा स्क्रीनवर ठिपके आले तर १५ मेगाहर्ट्झने खाली या, ठीक चाललं तर १५ ने वर जाऊन बघा. प्रत्येक कार्ड वेगळं, त्यामुळे दुसऱ्याचे आकडे फक्त सुरुवातीला घ्यावेत. खात्री पटेपर्यंत ‘विंडोजबरोबर चालू करा’ ही खूण लावू नका. एवढा खटाटोप नको असेल तर पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. एफपीएसमध्ये थोडी घट होते, आवाजात मोठी.

चौथी, एफपीएसला मर्यादा. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर कार्डला मेन्यूच्या पडद्यावर ४०० फ्रेम्स काढू देण्यात काय मिळतं? एनव्हिडिया किंवा एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये १४१ ची मर्यादा घाला. कॉइलची शिट्टी बहुतेक वेळा इथेच गप्प होते.

नव्या प्रोसेसरवाल्यांसाठी दोन ओळी. रायझेन ७००० मालिका जड कामात ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवली आहे, इको मोडला (कमी वीज वापरायच्या सेटिंगला) ६५ वॉटवर ठेवली तर गेममध्ये फारसं काही गमावत नाही. इंटेलच्या १३ व्या-१४ व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांमध्ये जास्त व्होल्टेजमुळे चिप खराब होण्याचा दोष निघाला होता. २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड (बायोसबरोबर येणारी प्रोसेसरची आतली दुरुस्ती) आले आणि इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोस जुनं असेल तर आजच अपडेट करा.

डिस्क आणि रॅम

हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० वेळा फिरते आणि तिचं कंपन कॅबिनेटच्या पत्र्याला जातं. गेम एसएसडीवर हलवा आणि ती डिस्क काढून बाहेरच्या केसमध्ये बॅकअपसाठी वापरा. सॅटा (केबलने जोडायची) एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी देते, तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई (थेट मदरबोर्डवर बसणारी) ३५०० पर्यंत. बी४५० बोर्डाला यापुढची एसएसडी लावली तरी ती तिसऱ्या पिढीच्याच वेगाने चालते. एसएसडीने एफपीएस वाढत नाहीत, लोडिंग आणि मोठ्या नकाशांत फिरतानाचे झटके कमी होतात. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा नव्या एसएसडीवर विंडोज ११ कोरं टाका. रायझेन ५ ३६०० ला ते चालतं, बायोसमध्ये एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय) चालू हवं.

रॅम १६ जीबी भरत नसेल तर हात लावू नका. २०२५ च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव चढलेत.

मोठी खरेदी

प्रोसेसर अडवतोय असं मोजणीत निघालं असेल तर मदरबोर्ड न बदलता रायझेन ५ ५६०० बसतो. ५७००एक्स३डी कुठे मिळाला तर गेमसाठी तो आणखी चांगला, त्यात एल३ कॅशे (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) ३२ ऐवजी ९६ एमबी आहे. पण जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच बायोस अपडेट करा, नाहीतर नव्या प्रोसेसरवर पीसी चालूच होणार नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहा, प्रोसेसर बदलल्यावर ती मागितली जाते. बायोस अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड मरू शकतो. यूपीएस लावा, आणि दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा गुरुवार तर टाळाच.

कार्ड घेताना लेन, म्हणजे कार्ड आणि बोर्डामधल्या डेटाच्या वाटा, मोजा. बी४५० बोर्ड पीसीआय एक्सप्रेस ३.० चा आहे. आरटीएक्स ४०६०, आरटीएक्स ५०६० आणि आरएक्स ७६०० ही कार्डं आठच लेन वापरतात, त्यामुळे जुन्या बोर्डावर, विशेषतः ८ जीबी मेमरी भरल्यावर, ती जास्त अडखळतात. आरएक्स ९०६० एक्सटी सोळा लेन वापरतं आणि १६ जीबी मेमरीतही येतं, म्हणून अशा पीसीला मी तेच सुचवीन. कार्डची लांबी कॅबिनेटमध्ये मावते का ते टेप घेऊन बघा, आणि दोनपेक्षा तीन फॅनचं मॉडेल सहसा शांत असतं.

एसएमपीएस: कार्ड १६० वॉट, प्रोसेसर ८८, बाकी सगळं ५० धरलं तर ३०० च्या आसपास. नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॉटचा पुरतो, आणि निम्म्या भारावर त्याचा फॅनही शांत राहतो. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला असेल तर कार्डाआधी तो बदला. मॉड्युलर (सुट्या केबलचा) एसएमपीएस बदलताना जुन्या केबल ठेवून देऊ नका, सगळ्या नव्या लावा. दोन कंपन्यांच्या केबलची टोकं सारखी दिसतात, पण आतल्या तारांची जुळणी वेगळी असते आणि डिस्क जळते. रविवारी-बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातून स्क्रू आणा, केबल बांधायचे पट्टे आणा, एसएमपीएस आणू नका.

वापरलेलं कार्ड घेत असाल तर विकणाऱ्याच्या घरी जाऊन वीस मिनिटं गेम चालवून बघा, तापमान आणि फॅनचा आवाज दोन्ही तपासा, आणि जीएसटी बिल मागा. बिल नसेल तर वॉरंटी धरू नका. तुमचं जुनं कार्ड साफ करून मगच विकायला काढा, शांत कार्डाला गिऱ्हाईक लवकर मिळतं. हार्ड डिस्क विकायची असेल तर नुसतं क्विक फॉरमॅट करून देऊ नका, त्यातल्या फाइली परत काढता येतात. पूर्ण फॉरमॅट लावून रात्रभर चालू ठेवा, सकाळी द्या.